उतरलेली साखर अंगवळणी पडेपर्यंत

दुकानात अधूनमधून कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, ह्या गोळ्या सोसंनात. शुगर लो व्हायला लागलीया." कपाळावर घाम, बोटांना कंप, आवाज खोल गेलेला. बाकावर बसवून बोट टोचलं की मीटरवर आकडा येतो १३२. म्हणजे लो तर नाहीच, उलट मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टर शाबासकी देतील असा आकडा. पण समोरच्याचं थरथरणं काही खोटं नसतं. त्याला खरंच तसं होत असतं.

बार्शीत माझं औषधाचं दुकान आहे आणि मधुमेह मलाही आहे. निदान झालं तेव्हा माझं एचबीए१सी, म्हणजे साखरेच्या सरासरीची रक्ततपासणी, १०.८ होतं. या गोळ्या विकतेही मी आणि घेतेही मी. ज्यांची साखर कित्येक महिने, कित्येक वर्षं २५०-३००च्या घरात होती आणि आता औषधानं, जेवण बदलल्यानं, चालण्यानं खाली यायला लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. याच टप्प्यावर माणसं घाबरतात. कुणी गोळी सोडतं, कुणी दर दोन तासांनी काहीतरी गोड तोंडात टाकतं, आणि साखर पुन्हा होती तिथं जाऊन बसते. हा टप्पा नीट पार करता येतो. त्यासाठी मीटर, वही आणि थोडा धीर लागतो.

असं का होतं?

एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब. ते ११ असेल तर रक्तातली साखर सरासरी २६९च्या आसपास राहिली असं समजायचं. ९ असेल तर २१२, ७ असेल तर १५४. आता विचार करा, जे शरीर वर्षभर २६९वर राहिलं, त्याच्यासाठी २६९ हेच 'नेहमीचं' झालेलं असतं. साखर फार खाली जायला लागली की शरीर ॲड्रेनालिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं, आणि थरथर, धडधड, घाम, पोटात कालवाकालव, एकदम लागलेली भूक हे सगळं त्या ॲड्रेनालिनचं काम असतं. निरोगी माणसात हा इशारा ७०च्या आसपास किंवा त्याच्याही खाली मिळतो. वर्षानुवर्षं साखर चढलेली असेल तर इशाऱ्याची ही पातळीच वर सरकते. मग साखर १२०वर आली तरी शरीर बोंब ठोकतं. रखरखत्या उन्हातून घरात शिरल्यावर भर दुपारी सगळं अंधारलेलं वाटतं, तसंच हे.

मेंदूला साखर कमी पडलेली नसते. तुमच्या जिवाला धोका नसतो. साखर नव्या पातळीवर टिकून राहिली की काही आठवड्यांत हा इशारा आपोआप खाली सरकतो. त्याची एकच अट आहे: प्रत्येक वेळी घाबरून साखर पुन्हा वर चढवायची नाही. दर वेळी गोड खाऊन २२० गाठलंत तर शरीराला १२०ची सवय लागणार कधी?

आणि इतकं सोसायचं कशासाठी, असंही लोक विचारतात. ब्रिटनमध्ये टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांवर वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. एका गटाचं एचबीए१सी ७च्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं ७.९. फरक दिसायला किती लहान! पण पहिल्या गटात डोळे, किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान २५ टक्क्यांनी कमी झालं. पाय गमावलेले आणि डायलिसिसला जाणारे लोक माझ्या दुकानात येतात, त्यांचे चेहरे मला माहीत आहेत. म्हणून मी या बाबतीत आग्रही आहे.

अंग थरथरायला लागलं की

आधी बसा. उभ्यानं, स्वयंपाक करताना, गाडीवर असताना काही ठरवू नका. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबवा. मग हात साबणानं धुवून, नीट पुसून, मीटर लावा. हात धुणं महत्त्वाचं. आंबा चिरलेल्या किंवा चहात साखर घातलेल्या बोटावर कणभर गोड राहिलं तरी मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो, आणि खरोखर लो असताना तुम्ही निर्धास्त राहाल. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं.

आकडा ७०च्या खाली आला, तर ती खरी लो शुगर. लगेच गोड घ्यायचं. ५४च्या खाली आला तर ती गंभीर लो आहे. घरातल्या कुणाला तरी हाक मारून जवळ बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आकडा ७० ते १००च्या मध्ये असला, तर तुम्ही कोणत्या गोळ्या घेता त्यावर पुढचं ठरतं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर अजून खाली जात असू शकते. शिवाय चांगल्या मीटरलाही १००च्या खालच्या आकड्यात १५ इकडंतिकडं होण्याची मुभा असते. मीटरवरचे ७८ खरे ६५ही असू शकतात. तेव्हा ८०च्या खाली आकडा, अंगाला कंप आणि वर अशी गोळी, असं असेल तर मी लो धरूनच चालते. त्याच्या वर असेल तर अर्धी भाकरी किंवा एखादं छोटं फळ खाऊन वीस मिनिटांनी पुन्हा तपासते. फक्त मेटफॉर्मिन चालू असणाऱ्याला एवढी घाई नाही. जेवणाची वेळ जवळ आली असेल तर त्यानं सरळ जेवायला बसावं.

आकडा १००च्या वर आला, तर गोड घ्यायचं नाही. हेच सगळ्यात अवघड, कारण सगळं अंग "दे, दे" म्हणून ओरडत असतं. माझं स्वतःचं सांगते. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी साडेअकराच्या सुमारास, दुकानात ऐन गर्दीत, पट्टीवरची बारीक अक्षरं वाचताना माझा हात कापायला लागायचा. छातीत धडधड. कानामागून घामाची धार. शेजारच्या हॉटेलातला चहाचा वास आला की वाटायचं, दोन कप गोड चहा ढोसावा आणि मोकळं व्हावं. मी आत जाऊन स्टुलावर बसायची, बोट टोचायची. आकडा ११८. मग पेलाभर पाणी, बिनसाखरेचं ताक, हवे असतील तर मूठभर फुटाणे. ताकात जिरेपूड आणि मीठ. मात्र ब्लडप्रेशर असेल तर मीठ जरा बेतानं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासलं की ११४, ११६ असं काहीतरी यायचं. म्हणजे साखर पडत नाहीये, आहे तिथंच आहे. तो दुसरा आकडा पाहिला की निम्मी भीती तिथंच जायची. दुसऱ्यांदा तपासायला म्हणून सांगते. आकडा थांबलेला आहे की घसरतो आहे, हे एका तपासणीत कळत नाही.

आणि मीटरच जवळ नसेल तर? तर लो समजून गोड घ्या. १३०ची १७० झाली तर एका दिवसानं काही बिघडत नाही. खरोखर ५० असताना वाट पाहत बसणं मात्र जिवावर बेतू शकतं. पण रोज अंदाजानं गोड खाण्यापेक्षा मीटर घ्या. हा खर्च वाया जात नाही.

खरी लो असेल तर काय घ्यायचं

पंधरा ग्रॅम ग्लुकोज, मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, आणि अजूनही ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पंधरा ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे चहाचे तीन चमचे, अर्धा पेला पाण्यात. पावडर नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून. साधं, म्हणजे 'डाएट' नसलेलं कोल्ड्रिंक अर्धा पेला, साधारण १५० मिली, तेही चालतं. पेढा, बर्फी, चॉकलेट या वेळी उपयोगाचं नाही. त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. जीव घाबरा झालेला असतो म्हणून लोक डबाच्या डबा संपवतात आणि तासाभरानं मीटर २८० दाखवतो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही. ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच धीमं करतात. त्या वेळी ग्लुकोज पावडरच लागते, कारण ती फोडावी लागत नाही, सरळ रक्तात जाते. आपल्याकडे तीन औषधांची मिळून एक गोळी सर्रास दिली जाते आणि त्यात व्होग्लिबोस बऱ्याचदा असतं. ग्लुकोजचं छोटं पाकीट पर्समध्ये, खिशात, गाडीच्या डिक्कीत ठेवून द्या.

साखर ७०च्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर अर्धी भाकरी-भाजी किंवा दूध-बिस्कीट असं काहीतरी खा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा असर खूप तास राहतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. वयस्कर माणूस असेल किंवा किडनी अशक्त असेल तर तो पूर्ण दिवस आणि रात्र नजर ठेवावी लागते. माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा. मिठाईचा तुकडा बळंच तोंडात कोंबणारी माणसं प्रेमापोटीच करतात ते, पण तो श्वासनलिकेत अडकतो.

गोळ्यांची पट्टी वाचा

हे माझं रोजचं काम, म्हणून यावर जरा थांबते. "मी शुगरची पांढरी गोळी घेतो" एवढी माहिती पुरत नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरांत असतं. चष्मा लावा, नाहीतर नातवाला मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवायला सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादं नाव दिसलं, किंवा तुम्ही इन्शुलिन घेत असाल, तर खरी लो होऊ शकते. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं एकटी असतील तर खरी लो क्वचितच होते. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्या महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्यांच्या नावापुढं १ किंवा २ असा जो आकडा असतो, तो बऱ्याच कंपन्यांत ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. म्हणून १च्या जागी २ची पट्टी चुकून घेतली तर तो केवळ आकड्याचा फरक राहत नाही, औषध दुप्पट होतं. दुकानातून निघण्याआधी जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी धरून बघा. कुठल्याही दुकानदारानं त्याचा राग मानू नये.

जेवण कमी केलं, पाच-सात किलो वजन उतरलं, रोज चालायला लागलात, तर जुना डोस जड होऊ शकतो. अशा वेळी गोळी कमी करणं योग्यच असतं, पण ती डॉक्टरांनी करायची. मनानं गोळी अर्धी करून घेणारे लोक बऱ्याचदा चुकीची गोळी अर्धी करतात: मेटफॉर्मिन बंद आणि ग्लिमेपिराइड चालू! दोन वेळाच जेवायच्या पद्धती सध्या गावोगाव चालतात. त्या सुरू करण्याआधी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा, की जी वेळ मी जेवणार नाही त्या वेळच्या गोळीचं काय करू?

आणखी दोन गोष्टी. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा जुलाबांसाठी लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक चालू झाली आणि सोबत ग्लिमेपिराइड असेल तर साखर अचानक पडू शकते. त्या दिवसांत जास्त वेळा तपासा. आणि ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांपैकी काही चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवणारच नाही कदाचित. घाम मात्र येतो. विनाकारण घाम आला की अशा माणसानं आधी मीटर लावावा.

पायरी पायरीनं उतरा

निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भात बंद, भाकरी बंद, चहा बंद, सकाळी कारल्याचा रस आणि दहा किलोमीटर चालणं, असा धडाका काही लोक लावतात. जिद्द समजते मला, पण साखर फार झपाट्यानं उतरवण्याचे तोटे आहेत. तीन महिन्यांत एचबीए१सी दोन-तीन अंकांहून जास्त उतरलं तर काही जणांना पायांत, अंगभर जळजळ आणि सुया टोचल्यासारख्या वेदना सुरू होतात. डोळ्याच्या पडद्यावर आधीच मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर तो काही काळ वाढूही शकतो. यावरून साखर चढीच ठेवावी असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की एचबीए१सी १० किंवा ११ असेल तर उपचार सुरू होतानाच डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या, आणि किती वेगानं उतरायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. बहुतेकांसाठी शेवटचं ठिकाण उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत, आणि एचबीए१सी ७च्या आत असं असतं. पंचाहत्तरीच्या आजींना, ज्या घरात एकट्या असतात, त्यांना डॉक्टर ८पर्यंतही चालवून घेतात. तिथं लो होऊन पडण्याचा धोका मोठा.

ताटात मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. आधी चहातली साखर दोनाची एक, मग अर्धा चमचा, मग बंद. मग रात्रीचा भात निम्मा. मग दोन भाकऱ्यांची दीड. आमच्या सोलापूर भागात ज्वारीची भाकरी म्हणजे औषधच असं धरून माणसं तीन-तीन खातात. ज्वारी मैद्यापेक्षा कितीतरी चांगली, पण तिनंही साखर वाढते. जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी तपासा, तुमचं तुम्हालाच दिसेल. जेवायला बसल्यावर आधी काकडी-मुळा, मग मटकीची उसळ किंवा पिठलं, आणि भाकरी त्याच्या जोडीनं, असं केलं की चढ कमी होतो. शेंगाचटणी आणि दही ताटात असू द्या, त्यानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पोहे करायचेच असतील तर वाटीभरच, त्यात मटार-शेंगदाणे भरपूर. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. अंगणात, गच्चीवर, गल्लीत, कुठंही. माझ्या मीटरवर सगळ्यात ठळक फरक दिसला तो याच गोष्टीचा.

साखर खाली येत असताना जेवणाच्या वेळा चुकवू नका. खोट्या लोचा त्रास उपाशी पोटी जास्त होतो, आणि खरी लोही बहुधा तेव्हाच होते. बार्शी हे भगवंताचं गाव, इथं एकादशी घराघरांत पाळतात. एकादशीला मला ठरलेले फोन येतात. दिवसभर निरंकार, गोळी मात्र नेहमीची, म्हणून दुपारी चक्कर. नाहीतर बरोबर उलटं, तीन वेळा साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी ३१०. उपास करायचा असेल तर त्या दिवशीच्या गोळीचं आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा, आणि फराळाला वरई-साबुदाण्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी असं घ्या. अंगात खरी लो असेल तर उपास मोडायचा. देवासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही, असं मी माझ्या आईलाही सांगितलं आहे.

नजर अंधुक झाली तर

साखर उतरायला लागल्यावर काही जणांना अचानक जवळचं धूसर दिसायला लागतं. लोक म्हणतात, "गोळीनं डोळे गेले." साखर चढलेली असताना डोळ्याच्या भिंगातही साखर आणि पाणी साठलेलं असतं. रक्तातली साखर उतरली की भिंगाचा आकार पुन्हा बदलतो, आणि म्हणून नंबर बदलल्यासारखा वाटतो. हे सहसा काही आठवड्यांत बसतं. या काळात नवा चष्मा करू नका. महिना-दीड महिना साखर एका पातळीवर राहिली की मग नंबर काढा. नाहीतर आज केलेला चष्मा दोन महिन्यांनी कपाटात जातो. पण एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं, काळे ठिपके किंवा जाळी तरंगायला लागली, अचानक दिसेनासं झालं, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे.

थकवा, डोकं जड होणं, चिडचिड हेही सुरुवातीला होतं आणि ओसरतं. वजन थोडं वाढलं तर दचकू नका. साखर साधारण १८०च्या वर असते तेव्हा ती लघवीवाटे बाहेर जात असते, खाल्लेलं अंगी लागत नसतं. आता लागायला लागतं. रात्री तीन-चारदा उठणं थांबतं, त्याचा आनंद मला तर फार झाला. सलग झोप लागणं काय असतं हे मी विसरूनच गेले होते.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरे. वेळ, आकडा, काय होत होतं, त्याआधी काय खाल्लं, पुढं काय केलं. माझ्या वहीतल्या नोंदी अशा असायच्या: "११.३०, ११८, हात कापले, सकाळी उपमा अर्धी वाटी, ताक घेतलं, ११.५० ला ११५." किंवा "पहाटे ४, घामानं जाग, ६६, ग्लुकोज घेतलं, ४.२० ला ९८, काल रात्री भाकरी खाल्ली नव्हती." पहिली नोंद धीर धरण्याची, दुसरी डॉक्टरांना दाखवण्याची. वही नसेल तर दोन्हींचं वर्णन "रात्री-दिवसा कसंतरी होतं" एवढंच उरतं. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या की त्रास कोणत्या वेळेला होतो ते डोळ्यांसमोर येतं, आणि कालपर्यंत १४०ला कापणारा हात आता ११०लाही स्थिर आहे हेही दिसतं. दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर परवडत असेल तर चांगलाच, पण साखर भरभर बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो, आणि त्या दंडावर झोपलात तर उगाच कमी आकडा दाखवतो. शंका आली की बोट टोचा.

मीटरच्या स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि वरची तारीख बघा. घरच्यांनाही मीटर लावायला शिकवून ठेवा. सासूबाई, नवरा, मुलगा, जे कुणी रात्री घरात असतं त्यांना. त्यांना एवढंच सांगा: मी घाबरले तर आधी बोट टोचा, मग ठरवा.

डॉक्टरांना कधी फोन करायचा? आठवड्यात दुसऱ्यांदा आकडा ७०च्या खाली गेला तर. एकदाही ५४च्या खाली गेला तर त्याच दिवशी. रात्री घामानं जाग येत असेल, वाईट स्वप्नं पडून सकाळी डोकं दुखत असेल, तर. काहीही न जाणवता मीटरवर कमी आकडा दिसला तर, कारण याचा अर्थ शरीराचा इशाराच मिळेनासा झाला आहे. उलट्या-जुलाबांनी जेवण जात नसेल तर पुढची गोळी घेण्याआधी. पायांत नव्यानं आग व्हायला लागली तर. आणि आकडे चांगले असूनही थरथर महिना-दीड महिन्यानंतर तशीच राहिली तर, कारण मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, हृदयाचे ठोके हेही तपासून घ्यावं लागतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलताना जीभ जड होत असेल, तर साखरेचा आकडा कितीही चांगला असो, सरळ दवाखान्यात. फोन करताना वही उघडून आणि गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बसा. कोणती गोळी, किती वाजता घेतली आणि मीटरवर काय आलं, हेच ते आधी विचारतात.